दोन लॅबचे थायरॉईड रिपोर्ट सारखेच वाईट, त्रास मात्र काहीच नाही. गोळी सुरू करू का?

सातारकर_शिक्षिका
१० फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी ४३ वर्षांची, साताऱ्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

गणपतीत मला डेंग्यू झाला. चार दिवस ॲडमिट होते, सलाईनवर निभावलं. दिवाळी सरली आणि केस जायला लागले. विंचरायला बसलं की कंगवा भरायचा, न्हाणीतल्या जाळीवर रोज मूठभर गुंता. एकदा मुलाच्या डब्यातल्या पोळीत लांब केस निघाला, तेव्हापासून मी डोक्याला फडकं बांधूनच स्वयंपाक करते.

१२ जानेवारीला शाळेत तपासणी शिबिर झालं. त्यात टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन, थायरॉईड जास्त चालला की हे उतरतं) ०.२१ आला (रेंज ०.२७ ते ४.२) आणि फ्री टी-४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, आला २.१ (रेंज ०.९३ ते १.७). आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, एका रिपोर्टवर जाऊ नका, दुसरीकडे पुन्हा करा. म्हणून २९ तारखेला शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये गेले. नुसत्या थायरॉईडपेक्षा पॅकेज स्वस्त पडत होतं म्हणून पॅकेजच घेतलं. तिथे टीएसएच ०.०३, फ्री टी-४ ३.६, फ्री टी-३ ७.९. म्हणजे सतरा दिवसांत आजार वाढलाच.

मग फिजिशियनकडे गेले. त्यांनी हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला, कागद हलला नाही. नाडी ७४. गळा, डोळे नीट बघितले. छातीत धडधडतं का, उकडतं का, जुलाब होतात का, वजन उतरलं का? सगळ्याला माझं उत्तर नाही. वजन उलट दोन किलोने वाढलंय आणि सकाळच्या शाळेला मी अजून स्वेटर घालून जाते. पण केस गळतात ते लक्षण जुळतंय असं ते म्हणाले, आणि टीआरएबी नावाची अँटिबॉडीची तपासणी लिहून दिली. ती ५.२ आली, रेंज १.७५ पर्यंत. म्हणजे थायरॉईड जास्त चालण्याचा, ग्रेव्ह्ज म्हणतात तो आजार. कार्बिमाझोल १० मिग्रॅ दिवसातून तीनदा, सोबत प्रोप्रानोलोल, आणि पुण्याला जाऊन थायरॉईड स्कॅन.

डॉक्टर चांगले आहेत. अर्धा तास दिला त्यांनी मला. पण औषधाच्या चिठ्ठीबरोबर एक सूचना दिली: घसा दुखून ताप आला तर गोळी लगेच बंद करायची आणि रक्त तपासायचं, कारण क्वचित पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात. ते ऐकल्यापासून माझा हात त्या पाकिटाकडे जात नाही. चार दिवस झाले, पाकीट फ्रिजवर तसंच पडलंय. माझ्या मावशीला याच आजारात किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं, आता तिला जन्मभर गोळी आहे. घरात सगळे म्हणतात, तीन-तीन रिपोर्ट खोटे कसे असतील? मलाही तेच वाटतं. पण अंगात काहीच नाही हो. कुणाला असा अनुभव आहे का?


सांगलीचा_लॅबवाला
१० फेब्रुवारी, रात्री ११:२५

ताई, मी डॉक्टर नाही. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेला आहे, २४ वर्षं लॅबमध्ये काम करतोय. गोळी घ्या किंवा घेऊ नका हे मी सांगणार नाही. पण दोन गोष्टी विचारतो, त्यांची उत्तरं द्या.

एक, त्या पॅकेजमधले बाकीचे आकडे काय आहेत? व्हिटॅमिन डी, फेरिटिन, कोलेस्टेरॉल असेल तर ते खास.

दोन, एवढे केस गळतायत तर त्यासाठी काही घेताय का? तेल सोडून. पोटात काय जातंय ते सांगा.


सातारकर_शिक्षिका
१० फेब्रुवारी, रात्री ११:५०

दादा, एवढ्या रात्री उत्तर दिलंत, आभारी आहे. व्हिटॅमिन डी ९४, फेरिटिन ९, हिमोग्लोबिन १३.१, कोलेस्टेरॉल २१८, साखर ९२. डी चांगलं आहे, लोह कमी आहे असं लॅबच्या बाईंनी सांगितलं.

औषध काहीच नाही. केसांसाठी एक व्हिटॅमिनची गोळी घेते, पाकिटावर 'बायोटिन १० मिग्रॅ' लिहिलंय. डिसेंबरपासून चालू आहे. फरक पडेना म्हणून जानेवारीच्या मध्यापासून दोन घ्यायला लागले, सकाळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर.


सांगलीचा_लॅबवाला
११ फेब्रुवारी, रात्री १२:३५

मला वाटलंच होतं. ताई, शांतपणे वाचा.

आधी तुमचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू. डी ९४. तुम्ही डीचे सॅशे घेतले नाहीत, इंजेक्शन घेतलं नाही, दिवसभर वर्गात असता. आमच्याकडे अशा बाईचं डी बारा-पंधरा-वीस असं येतं. ९४ कुठून येणार? फेरिटिन ९ म्हणजे लोहाचा साठा संपत आलाय, आणि हिमोग्लोबिन मात्र १३.१. असं असू शकतं, पण खटकतं. आणि कोलेस्टेरॉल २१८. थायरॉईड खरंच एवढा चढला असता तर कोलेस्टेरॉल सहसा उतरतं. कोलेस्टेरॉल आणि साखर रंगाच्या पद्धतीने मोजतात, तिथे बायोटिन लुडबूड करत नाही. बाकीच्या ज्या तपासण्या बिघडल्यात, त्या सगळ्या एकाच जातीच्या आहेत.

आता बायोटिन काय करतं ते सांगतो. हे समजलं की तुमची अर्धी भीती जाईल.

कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं. ते बायोटिनला असं धरतं की सोडतच नाही. त्याच्याच जातीचं एक प्रथिन जिवाणूपासून मिळतं, त्याचं नाव स्ट्रेप्टॲव्हिडिन. ही पकड इतकी घट्ट आहे की तपासणीच्या किट बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी तिचा उपयोग करून घेतला. मशीनमध्ये लोहचुंबकाने ओढले जाणारे बारीक मणी असतात, त्यांच्यावर स्ट्रेप्टॲव्हिडिनचा लेप. टीएसएच मोजायचा तर दोन अँटिबॉडी टाकतात. एकीला बायोटिनची शेपटी, दुसरीला उजेड देणारा टॅग. दोघींच्या मध्ये तुमचा टीएसएच सापडतो, बायोटिनची शेपटी मण्याला चिकटते, चुंबक मणी धरून ठेवतो, बाकीचं धुऊन जातं. जेवढा उजेड उरला तेवढा टीएसएच.

आता एसटी आठवा. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या असतात. तुम्ही रांगेतून चढेपर्यंत बसायला जागा नाही. तुमच्या रक्तातलं गोळीचं बायोटिन तसं आधीच मण्यांवरच्या सगळ्या जागा धरून बसतं. किटमधल्या अँटिबॉडीला, तिच्याबरोबर आलेल्या तुमच्या टीएसएचला, बसायला जागाच उरत नाही. धुण्याच्या पाण्याबरोबर ते वाहून जातं. उजेड कमी, आणि मशीन लिहितं ०.०३. तुमचा टीएसएच रक्तात होता, तो धुतला गेला.

फ्री टी-४चा रेणू लहान. त्याला दोन अँटिबॉडींच्या मध्ये धरता येत नाही, म्हणून तिथे उलटा हिशोब असतो: उजेड कमी पडला तर टी-४ जास्त. बायोटिनने जागा अडवल्या की तिथेही उजेड कमी पडतो, पण मशीन आता लिहितं ३.६. टी-३ तसाच, व्हिटॅमिन डी तसंच, टीआरएबी तसंच. फेरिटिन मात्र टीएसएचच्या पद्धतीचं, म्हणून ते खाली.

म्हणजे एकाच गोळीने टीएसएच पाडला, टी-४ आणि टी-३ चढवले, वर अँटिबॉडीही दाखवली. पुस्तकात ग्रेव्ह्जचं जे चित्र आहे ते हुबेहूब. तुमच्या फिजिशियनची यात चूक नाही. कागदावर एकही आकडा दुसऱ्याशी भांडत नव्हता.

तीन रिपोर्ट खोटे कसे, याचंही उत्तर यातच आहे. लॅब वेगळ्या होत्या, पण पद्धत बहुतेक एकच असणार. त्याच पद्धतीच्या मशीनवर दहा ठिकाणी करा, दहाही ठिकाणी हेच येईल. आणि सतरा दिवसांत आजार वाढला असं जे वाटतंय, तिथे मला विचारायचंय: १२ तारखेला एक गोळी होती ना? आणि २९ला दोन? गोळी घेतल्यावर किती वेळाने रक्त दिलं, आठवतंय का?

शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन लागतं. तुमच्या एका गोळीत १० हजार मायक्रोग्रॅम आहे.

हे सगळं छापून फिजिशियनना दाखवा. आणि लॅबला फोन करून विचारा की थायरॉईड कोणत्या मशीनवर होतं आणि बायोटिनची बाधा होते का. चांगली लॅब हे सांगते. काही कंपन्यांनी नंतर रिएजंट, म्हणजे किटमधली रसायनं, बदलले, जास्त बायोटिन सोसतील असे केले, त्यामुळे सगळीकडेच असं होतं असंही नाही.


बार्शीकर
११ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

एवढी शास्त्रीय सफाई कशाला? लॅबवाले लुटतात, एवढंच खरं. मागच्या ऑगस्टमध्ये वडिलांना ताप आला. एका लॅबने प्लेटलेट ३६ हजार दिल्या. रात्री दोन वाजता त्यांना सोलापूरला नेलं, रक्तपेढीत प्लेटलेटच्या पिशव्या सांगून ठेवल्या, भाऊ पुण्याहून निघाला. तिथे पुन्हा बघितलं तर २ लाख ८ हजार. ताप साधा होता, डेंग्यू निगेटिव्ह. त्या रात्री आई देवापुढून उठली नव्हती. याला जबाबदार कोण?


सांगलीचा_लॅबवाला
११ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

दादा, तुमच्या आईची ती रात्र मी समजू शकतो, आणि लॅबचा दोष यात आहेच. पण दोष लुटण्याचा नाही, न बघण्याचा आहे.

प्लेटलेट मोजायचं रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात. त्यात ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. काही माणसांच्या रक्तात अशी अँटिबॉडी असते की ईडीटीएशी गाठ पडली की प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात काही होत नाही, फक्त ट्यूबमध्ये. मशीन तो अख्खा पुंजका एक धरतं, नाहीतर पांढरी पेशी समजून मोजतं, आणि आकडा ३६ हजारांवर येतो. काचेवर स्मिअर ओढून शेवटच्या पातळ कडेला बघितलं तर पुंजके सरळ दिसतात, द्राक्षाच्या घडासारखे, जांभळट, एकात एक अडकलेले. ते बघायला पाच मिनिटं लागतात. कमी आलेला प्रत्येक प्लेटलेट काउंट रिपोर्टवर सही होण्याआधी काचेवर बघायचा, हा आमच्या कामाचा नियम आहे. ज्याने तो पाळला नाही त्याने तुम्हाला रात्री पळवलं.

अशा वेळी निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतात. त्या ट्यूबमध्ये सायट्रेटचं पाणी आधीच असतं आणि रक्त तेवढं पातळ होतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ने गुणायचं. वडिलांच्या फायलीवर लाल अक्षरात लिहून ठेवा: प्लेटलेट सायट्रेट ट्यूबमध्ये मोजा. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं तरी उपयोगी पडेल.

मात्र पावसाळ्यात कुणी हे वाचून डेंग्यूच्या प्लेटलेट खोट्या समजू नका. डेंग्यूत त्या बहुतेक वेळा खरोखरच पडलेल्या असतात. काचेवर बघा, एवढंच माझं म्हणणं.


अमरावतीहून
११ फेब्रुवारी, दुपारी २:३०

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते.

लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल होत नव्हतं. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, ८८ आलं, पुन्हा केलं तर ९१. एमआरआय केला, त्यात पिट्युटरीत ३ मिमीचा ठिपका दिसला. ट्यूमर म्हटल्यावर सासरी काय वातावरण झालं ते लिहीत नाही. कॅबरगोलिन सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मळमळ, उठलं की चक्कर. चौदा महिने घेतलं. पाळी मात्र माझी आधीही २९ दिवसांनी यायची आणि नंतरही. स्तनातून पाणी नाही, डोकेदुखी नाही. नागपूरच्या एका डॉक्टर बाईंनी तेच हेरलं. त्या म्हणाल्या, प्रोलॅक्टिन खरंच ९०च्या घरात असतं तर पाळी एवढी घड्याळासारखी आली नसती.

त्यांनी पीईजी नावाचं रसायन टाकून करायची तपासणी लिहून दिली. काही जणांच्या रक्तात प्रोलॅक्टिन अँटिबॉडीला चिकटून मोठा गठ्ठा होतो, त्याला मॅक्रोप्रोलॅक्टिन म्हणतात. हा गठ्ठा रक्तात फिरत राहतो, लवकर निचरा होत नाही, शरीरावर त्याचा फारसा परिणाम नाही, पण मशीन तोही मोजतं. पीईजी टाकलं की गठ्ठा तळाला बसतो आणि वर उरतं ते खरं. गोळी बंद करून दोन महिन्यांनी केलं. एकूण ८६, खरं ११. आणि तो ३ मिमीचा ठिपका असा अनेकांच्या एमआरआयमध्ये सापडतो, त्याने काही बिघडत नाही, असं त्यांनी समजावलं.

चौदा महिने कुणी मला विचारलं नाही, की बाई, तुला होतंय काय? सगळे कागदच बघत होते. तुम्ही विचारलंत, चांगलं केलंत.


प्रयोगशाळा_रत्नागिरी
११ फेब्रुवारी, रात्री ९:१०

मी बायोकेमिस्ट्रीत एमडी आहे, वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. सांगलीच्या मित्राने लिहिलेलं बरोबर आहे, मी फक्त काही गोष्टी जोडतो.

ताई, आज-उद्याच फिजिशियनना फोन करा आणि बायोटिनचं सांगा. बायोटिन बंद करून किमान दोन दिवस जाऊ द्यायचे आणि मग तपासणी, अशी शिफारस आहे. तुमची मात्रा २० मिग्रॅ होती, तेव्हा मी तुमच्या जागी पाच-सहा दिवस थांबेन. मूत्रपिंडाचा आजार असेल तर बायोटिन जास्त काळ रेंगाळतं, तुम्हाला तो दिसत नाही. तोवर कार्बिमाझोल सुरू करायचं की थांबायचं हे त्यांनाच ठरवू द्या. आणि एक शक्यता उघडी ठेवा. बायोटिन बंद करूनही टीएसएच तळालाच राहिला, तर आजार खरा आहे आणि ती गोळी तुम्हाला लागणार आहे.

हे नवीन नाही. २०१७ साली एका अभ्यासात सहा निरोगी माणसांना आठवडाभर रोज १० मिग्रॅ बायोटिन दिलं, म्हणजे तुमची एक गोळी. काही मशीनवर त्यांचा टीएसएच इतका खाली आला की थायरॉईड चढलाय असं कुणीही म्हणावं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, डॉक्टरांना आणि लॅबना सावध केलं. त्या सूचनेत एका मृत्यूची नोंद आहे. रुग्ण मोठ्या मात्रेत बायोटिन घेत होता आणि बायोटिनची बाधा होणाऱ्या पद्धतीने केलेलं त्याचं ट्रोपोनिन खोटं कमी आलं. ट्रोपोनिन म्हणजे हार्ट अटॅकची तपासणी. मला थायरॉईडपेक्षा याची भीती जास्त वाटते. थायरॉईडला आठवडाभर थांबता येतं. छातीत दुखत कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाला थांबता येत नाही. केसांची गोळी घेणाऱ्या माणसाने तिथे पहिल्या वाक्यात ते सांगितलं पाहिजे, आणि नातेवाइकांनाही ते ठाऊक असलं पाहिजे.

दुसरा घोळ उलट्या बाजूचा. ज्या बायका आधीच थायरॉक्सिनवर, म्हणजे थायरॉईड कमी पडतो म्हणून द्यायच्या गोळीवर, आहेत त्यांनाही केस गळतात म्हणून बायोटिन मिळतं. टीएसएच खोटा कमी येतो, डॉक्टर थायरॉक्सिन कमी करतात, आणि बाई खऱ्या अर्थाने हायपो होते, म्हणजे तिला थायरॉईड कमी पडतो. मग केस आणखी गळतात.

अमरावतीच्या ताईंच्या प्रकारातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट बीटा एचसीजीची, म्हणजे गरोदरपणात वाढणाऱ्या हार्मोनची आहे. काही जणांच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात की त्या किटमधल्या दोन्ही अँटिबॉडींना परस्पर जोडतात, मध्ये हार्मोन नसतानाही. गरोदर नसलेल्या बाईचं एचसीजी मग वाढलेलं दिसतं आणि कॅन्सरची शंका येते. २००० साली लॅन्सेटमध्ये अशा बारा बायकांची हकीकत छापली गेली. त्यांतल्या बऱ्याच जणींना केमोथेरपी दिली होती, काहींची ऑपरेशनं झाली होती. कॅन्सर एकीलाही नव्हता. पडताळा साधा होता. त्या अँटिबॉडी आकाराने मोठ्या, मूत्रपिंडातून गाळून लघवीत उतरत नाहीत. रक्तात एचसीजी आहे आणि लघवीत नाही, तर ते एचसीजी नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी वर्ग शांत होतो.


सातारकर_शिक्षिका
११ फेब्रुवारी, रात्री १०:२०

दादा, तुम्ही विचारलं होतं ते आठवून बघितलं. शिबिराच्या दिवशी सकाळी आठला गोळी घेतली होती, रांग होती म्हणून साडेअकराला रक्त दिलं. २९ तारखेला सातला दोन गोळ्या घेतल्या आणि साडेआठला रक्त दिलं. उपाशीपोटी या म्हणून सांगितलं होतं, मी नुसत्या पाण्याबरोबर घेतल्या. म्हणजे गोळ्या दुप्पट आणि वेळ निम्म्याहून कमी.

फिजिशियनना फोन केला. मला वाटलं रागावतील. पण ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, गोळी अजून सुरू केली नाही ना? तशीच ठेवा. बायोटिन आजपासून बंद, १८ला पुन्हा रक्त द्या, टीआरएबीसकट. धडधड किंवा काही वाटलं तर त्याआधीच या. स्कॅन पुढे ढकललाय.


सातारकर_शिक्षिका
२१ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४५

रिपोर्ट आले. त्याच लॅबमध्ये, त्याच मशीनवर. टीएसएच २.३. फ्री टी-४ १.२. फ्री टी-३ ३.१. टीआरएबी ०.८ पेक्षा कमी. व्हिटॅमिन डी १६. फेरिटिन २८.

शाळेच्या व्हरांड्यात मोबाईलवर उघडले. मधली सुट्टी होती, पोरं खो-खो खेळत होती. मी खांबाला टेकून तेवढे सहा आकडे किती वेळा वाचले सांगता येत नाही.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जुने आणि नवे कागद टेबलावर शेजारी शेजारी लावले आणि लॅबला माझ्यासमोरच फोन केला. त्या दिवशीच्या नोंदी काढल्या तर मशीन व्यवस्थित होतं, सकाळचे कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले नमुने) बरोबर आलेले होते. मग तिथल्या बाईंनी माझा फॉर्म शोधला. त्यावर 'सध्या चालू असलेली औषधे' अशी ओळ छापलेली आहे. पुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय: नाही. केसांची गोळी औषधात धरायची असते हे मला ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता मीच विचारत जाईन, आणि 'औषध घेता का' असं न विचारता 'केसांसाठी, नखांसाठी, त्वचेसाठी काय घेता' असं विचारेन.

त्यांनी व्हिटॅमिन डीचे सॅशे दिलेत, आठवड्याला एक. लोहाचं आधी आहारातून बघू म्हणाले. केसांचं त्यांनी समजावलं की डेंग्यूसारख्या मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात आणि बहुतेक वेळा आपोआप थांबतात. खरं सांगायचं तर गेल्या पंधरवड्यात जाळीवरचा गुंता कमी झालाय, कपाळाजवळ बारीक नवे केस उभे दिसतात.

कार्बिमाझोलचं न फोडलेलं पाकीट मेडिकलवाल्याने बिल बघून परत घेतलं.

सांगलीचे दादा, रत्नागिरीचे सर, अमरावतीच्या ताई, तुमचे उपकार मी विसरणार नाही. आज स्टाफरूममध्ये ही गोष्ट सांगितली तर एक सहकारी एकदम गप्प झाल्या. त्या पाच वर्षांपासून थायरॉक्सिन घेतात, आणि डिसेंबरपासून माझ्याच सांगण्यावरून तीच केसांची गोळीही. गेल्या महिन्यात त्यांचा टीएसएच ०.१ आला म्हणून डॉक्टरांनी थायरॉक्सिन १०० वरून ५० केलंय. आता त्यांना दिवसभर झोप येते, पाय जड वाटतात. त्यांनी नेमकं काय करावं?


सांगलीचा_लॅबवाला
२१ फेब्रुवारी, सायंकाळी ७:३०

ताई, आकडे वाचून फार बरं वाटलं. घरी बायकोलाही वाचून दाखवले.

तुमच्या सहकाऱ्यांना सांगा, बंद करायचं ते फक्त बायोटिन. थायरॉक्सिन एक दिवसही चुकवायचं नाही, आणि आपल्या मनाने पुन्हा १०० सुद्धा करायचं नाही. उद्याच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून दोन्ही गोळ्यांचं सांगू दे. ते रक्त कधी द्यायला सांगतील ते बघा. आठवड्याभराने म्हणाले तर शुक्रवारी सकाळी, त्या दिवशीची थायरॉक्सिनची गोळी रक्त दिल्यानंतर. आणि फॉर्मवरच्या त्या ओळीत लिहायचं: बायोटिन १० मिग्रॅ, अमुक तारखेपासून बंद. तारीख नक्की घालायला सांगा.